मोटोजीपी व्हिडिओपास रिव्ह्यू: लाइव्ह सगळेच बघतात, अर्काइव्हमध्ये मिक डूहान बघा

मोटोजीपी म्हणजे मोटरसायकल रोड रेसिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप, आणि व्हिडिओपास म्हणजे तिच्या रेस बघायचं ऑनलाइन सबस्क्रिप्शन. व्हिडिओपासबद्दल लोक बोलतात ते बहुतेक लाइव्ह रेसबद्दल, म्हणजे स्ट्रीम कसा आहे, कॅमेरा बदलता येतो का, प्रॅक्टिस आणि क्वालिफायिंग पूर्ण दाखवतात का वगैरे. ते सगळं आहे, चांगलं आहे, त्यावर मी वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते अर्काइव्हबद्दल. १९९२ पासूनच्या रेस तिथे पूर्ण ठेवल्यात, स्टार्टपासून चेकर्ड फ्लॅगपर्यंत, आणि माझ्या मते पैसे खरे वसूल होतात ते तिथे. पण बहुतेक लोक काय करतात, रॉसीचे दोन-चार गाजलेले लास्ट लॅप शोधतात, मार्केझ पडता पडता सावरतो ते सेव्ह बघतात आणि बंद करतात. एवढ्यासाठी सबस्क्रिप्शन घेऊ नका, खरंच नका घेऊ.

माझं म्हणणं असं की एक रायडर धरा आणि त्याचं करिअर सीझनच्या क्रमाने बघा, त्याच्या हरलेल्या रेससकट, बोअर वाटणाऱ्या रेससकट. रोड रेसरचं करिअर कळायचं असेल तर दुसरा मार्गच नाही, कारण विकिपीडियावरचा टेबल तुम्हाला सांगतो कोण कितवा आला, हायलाइट्स सांगतात कुठे पडला आणि कुठे ओव्हरटेक केलं, पण वीस-पंचवीस लॅप एकसारखे मारताना माणूस काय करत होता हे फक्त पूर्ण रेसमध्येच दिसतं. आणि हे करायला सगळ्यात चांगला रायडर कोण तर नव्वदीतला ऑस्ट्रेलियन चॅम्पियन मिक डूहान.

आता लगेच कोणीतरी म्हणेल डूहान? त्याच्या रेस तर झोप आणतात, पुढे जायचा आणि निघून जायचा. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचा रागच येतो. नव्वदीत पण लोक हेच म्हणायचे. ५०० सीसी, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या क्लासमध्ये १३७ स्टार्ट, ५४ विजय, ९५ पोडियम (पहिल्या तिनात), १९९४ ते १९९८ सलग पाच वर्ल्ड टायटल. साधारण दर अडीच रेसला एक विजय. आकडे असे असले की वाटतं सोपं असणार. पण या पाचही टायटलमधल्या प्रत्येक रेसमध्ये त्याचा उजवा घोटा जवळजवळ हलत नव्हता, हे डोक्यात ठेवून तीच रेस परत लावा आणि मग मला सांगा बोअर आहे का.

अर्काइव्ह १९९२ पासून सुरू होतं त्यामुळे त्याची पहिली तीन वर्षं त्यात धरू नका. थोडक्यात सांगतो म्हणजे संदर्भ लागेल. ब्रिस्बेनचा मुलगा, १९६५ चा जन्म, १९८९ मध्ये होंडाने ५०० वर बसवला, १९९० मध्ये हंगेरीत पहिला विजय, १९९१ मध्ये अमेरिकेच्या वेन रेनीच्या मागे चॅम्पियनशिपमध्ये दुसरा, त्याच वर्षी वेन गार्डनरबरोबर सुझुका ८ अवर्स ही आठ तासांची रेस जिंकला. म्हणजे १९९२ चा सीझन तुम्ही लावता तेव्हा हा कोणी नवखा नाही, टायटलच्या दारात उभा असलेला माणूस आहे.

पहिली रेस लावायची ती सुझुका १९९२. पाऊस. होंडाने त्या वर्षी एनएसआर ५०० मध्ये, म्हणजे डूहानच्या गाडीत, इंजिनचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, बदलला होता, तेच ते बिग बँग. आधी काय व्हायचं की सिलिंडरचे स्फोट क्रँकच्या फेऱ्यात एकसारख्या अंतराने विभागलेले असायचे, मागच्या टायरला सतत धक्का, त्याला ग्रिप सावरायला उसंतच नाही. बिग बँगमध्ये चारही सिलिंडर जवळजवळ लागोपाठ पेटवून टाकले, म्हणजे एक मोठा धक्का आणि मग मोकळी जागा, त्या मोकळ्या जागेत टायर परत रस्ता पकडतो. वर्णन वाचून हे कळत नाही, आवाज ऐकून कळतं, म्हणून हेडफोन लावा. बाकी गाड्या किंचाळतात आणि ही होंडा खालच्या जाड आवाजात जाते. डूहानने पहिल्या चारही रेस जिंकल्या, सुझुका, ईस्टर्न क्रीक, शाह आलम, हेरेथ, मग मुजेलो आणि बार्सिलोनात दुसरा, मग हॉकनहाइम परत जिंकला. सात रेसमध्ये १३० पॉइंट्स, तेव्हा विजयाला २० मिळायचे, आणि रेनीवर ६५ ची आघाडी. टायटल संपल्यातच जमा होतं.

मग नेदरलँड्समधलं आसेन. प्रॅक्टिसमध्ये पडला, उजवा पाय मोडला. मोडलेला पाय रेसरसाठी तशी नवी गोष्ट नाही पण तिथल्या ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली, पायाचा रक्तपुरवठा बिघडला, आणि पाय कापायची भाषा सुरू झाली. तेव्हा रेसिंगचे डॉक्टर क्लॉडिओ कोस्टा, ज्यांनी १९७७ मध्ये क्लिनिका मोबिले हा रेसबरोबर फिरणारा दवाखाना सुरू केला होता, त्यांनी त्याला उचलून इटलीत नेलं आणि उजव्या पायाला रक्त मिळावं म्हणून त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले. वाचायला विचित्र वाटतं पण तसंच केलं, चांगल्या पायाच्या रक्तावर वाईट पाय जगवला.

अर्काइव्हमध्ये यातलं काही नाही. तिथे फक्त पुढच्या रेस आहेत ज्यात तो नाही. आणि मला विचाराल तर त्या पण बघा, सोडू नका. आसेन, हंगेरी, फ्रान्स, ब्रिटन, चार रेस, आणि दर रेसनंतर स्टँडिंग्ज आले की डूहानचे १३० तसेच आणि खालून रेनी वर येतोय, हंगेरीत आठ पॉइंट्स, फ्रान्समध्ये वीस, ब्रिटनमध्ये पंधरा. रेनी स्वतः धड नव्हता, तोही जखमी होता, आसेनची रेस त्यालाही सोडावी लागली होती. हंगेरीची रेस तर वेगळ्या कारणासाठीही भारी आहे, ओला ट्रॅक वाळत होता आणि एडी लॉसनने कॅजिव्हा या इटालियन कंपनीला त्यांचा पहिला ५०० चा विजय मिळवून दिला. पण मी ती रेस बघताना लॉसनपेक्षा रेनी कितवा आहे हेच बघत होतो, निकाल माहीत असून. पूर्ण सीझन क्रमाने बघितल्यावर हे होतं, नुसत्या हायलाइट्सने होणार नाही.

ब्राझीलला डूहान परत आला. अपघाताला जेमतेम दोन महिने झाले होते. इंटरलागोसमध्ये बारावा, पॉइंट्स पहिल्या दहालाच होते, म्हणजे हाती शून्य, आणि रेनी जिंकला. शेवटची रेस दक्षिण आफ्रिकेतलं क्यालामी, डूहान सहावा, सहा पॉइंट्स. रेनी तिसरा, बारा पॉइंट्स. अंतिम हिशोब रेनी १४०, डूहान १३६. चार पॉइंट्स. क्यालामीची रेस कोसिन्स्कीने जिंकली, कॅमेरा बराच वेळ पुढे असतो आणि तुम्हाला सहाव्या नंबरवरचा माणूस शोधत बसावं लागतं, तो अधूनमधून दिसतो. मला वाटतं ५०० सीसीच्या इतिहासात सहाव्या नंबरची याच्यापेक्षा मोठी राइड नसेल, आणि ती बघायला कोणी जात नाही.

इथे सर्व्हिसबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळचं फुटेज त्या काळचंच आहे, चौकोनी चित्र, रंग उडालेले, ग्राफिक्स अगदी मोजके, गॅप सतत दिसत नाही. आजच्या रेसची सवय असेल तर पहिल्या एक-दोन रेस जड जातील. माझा उपाय असा की निकालाचा कागद नको पण पॉइंट्स टेबल शेजारी उघडं ठेवा, सीझन कुठे चाललाय ते कळत राहतं. आणि मोठ्या टीव्हीपेक्षा मध्यम स्क्रीनवर बघा, जुनं चित्र ताणलं की डोळ्यांना त्रास होतो. कॉमेंटरी मात्र ऐका, म्यूट करू नका, कारण कॉमेंटेटरला तेव्हा पुढचं माहीत नव्हतं आणि त्याच्या आवाजात ते कळतं.

१९९३ लोक गाळतात. डूहान चौथा आला त्या वर्षी, एकच रेस जिंकली, मुजेलोला. पण या सीझनशिवाय पुढची पाच वर्षं समजणारच नाहीत, कारण थंब ब्रेक इथे आला. मोटरसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबतात. याचा उजवा घोटा गेलेला. तर मागच्या ब्रेकसाठी डाव्या हँडलवर अंगठ्याने चालणारा लिव्हर लावून घेतला. रेसिंगमध्ये मागचा ब्रेक थांबायला कमी आणि गाडी सावरायला जास्त वापरतात, कॉर्नरमधून निघताना चाक स्पिन होतंय, पुढचं चाक उचलतंय, तर थोडासा मागचा ब्रेक. आणि पूर्ण उजवीकडे झुकलेला असताना पायाने तो दाबणं धडधाकट माणसालाही अवघड, खाली जागाच नसते. म्हणजे जखमेमुळे जो जुगाड केला त्याने उजव्या कॉर्नरमध्ये त्याला अशी एक गोष्ट मिळाली जी इतरांकडे नव्हती. आज मोटोजीपीच्या ग्रिडवर दोन्ही पाय ठणठणीत असलेले कितीतरी रायडर थंब ब्रेक वापरतात. त्याची सुरुवात बघायची तर १९९३ बघा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मिसानोला रेनी पडला आणि छातीच्या खाली पॅरलाइज झाला, करिअर तिथेच संपलं, टायटल श्वांट्झला मिळालं. ती रेस मी एकदाच बघितली, परत लावणार नाही. ज्यांना नको वाटेल त्यांनी सरळ सोडून पुढे जा, काही बिघडत नाही.

आणि मग १९९४. आधी निकाल बघू नका म्हणणार होतो पण निकाल सगळ्या जगाला माहितीये, ९ विजय, ३१७ पॉइंट्स, दुसऱ्या नंबरच्या कॅडालोराला १७४. हेरेथपासून ले मॉंपर्यंत सलग सहा. या सहामधली चौथी आसेन. दोन वर्षांपूर्वी ज्या ट्रॅकवर पाय जवळजवळ गेला होता तिथे तो परत येऊन जिंकतो, आणि तुम्ही १९९२ पासून क्रमाने बघत आला असाल तर या रेसचा प्रत्येक लॅप वेगळा लागतो. मला तरी लागला. हीच रेस एकटी लावली तर वाटेल ठीक आहे, डूहान जिंकला, नवीन काय.

इथून पुढे तो 'बोअर' काळ सुरू होतो आणि इथेच व्हिडिओपासची खरी किंमत आहे असं मी म्हणेन. कसं बघायचं सांगतो. पुढे कोण आहे ते बघू नका. एक कॉर्नर निवडा, शक्यतो उजवा, लांब, आणि दर लॅपला डूहान तिथे गाडी कुठे टाकतो, कुठे उभी करतो, कुठे गॅस उघडतो ते बघा. ५०० सीसीची टू-स्ट्रोक व्ही-फोर, किमान वजन १३० किलो, ताकद १८० हॉर्सपॉवरच्या आसपास, आणि आजच्यासारखी इलेक्ट्रॉनिक्स सांभाळायला नाहीत, जे काय आहे ते उजव्या मनगटात. अशा गाडीवर तो लॅपमागून लॅप त्याच पट्ट्यावरून जातो. कसबी गवंडी विटा लावतो तसं, एकही वीट बाहेर नाही. कंटाळा येतोय असं वाटलं की मागच्या माणसाला बघा, तो घसरतोय, रुंद जातोय, सावरतोय, आणि लॅपला दोन-तीन दशांश घालवतोय. ते दोन-तीन दशांश म्हणजेच डूहानचं अख्खं करिअर आहे.

आणि ज्यांना झुंजच हवी त्यांच्यासाठी १९९६ आहे ना. टीममेट स्पेनचा अ‍ॅलेक्स क्रिव्हिए, तीच होंडा, आणि हा माणूस डूहानच्या मागच्या चाकाला चिकटून बसायचा. स्पेनमधल्या हेरेथला शेवटच्या लॅपमध्ये प्रेक्षक ट्रॅकच्या कडेला उतरले, अक्षरशः उतरले, घरचा हिरो जिंकणार म्हणून, आणि शेवटच्या कॉर्नरला क्रिव्हिए पडला, डूहान जिंकला. बघताना अंगावर काटा येतो, आनंदाने नाही, ती माणसं गाड्यांपासून किती जवळ आहेत ते बघून. आणि ब्रनोला क्रिव्हिए जिंकला ०.००२ सेकंदाने. दोन हजारांश. त्या रेसचे शेवटचे तीन लॅप तुम्ही कितीही वेळा बघा. एकच रेस बघायला वेळ असेल तर ही.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो १९९७ चा सीझन, आणि कारण इंजिन. बिग बँग सगळ्यांनी घेतलं होतं, सगळ्यांना सोपं झालं होतं, तेव्हा डूहान जुन्या फायरिंग ऑर्डरकडे परत गेला, ज्याला स्क्रीमर म्हणतात. टायर तोवर सुधारले होते आणि त्याला गॅस आणि मागचं चाक यांचं नातं थेट हवं होतं. इतरांना जी गाडी अवघड जाते ती मुद्दाम मागून घेतली! १५ पैकी १२ रेस जिंकल्या, मुजेलोपासून बार्सिलोनापर्यंत सलग १०, दोन वेळा दुसरा, आणि एकदा ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला पुढे असताना पडला. एका सीझनमध्ये १२ विजय हा प्रीमियर क्लासचा आकडा २०१४ मध्ये मार्केझने १३ करून मोडला, तोही १८ रेसच्या सीझनमध्ये. सुझुका १९९२ चा आवाज कानात असेल तर १९९७ ची कुठलीही रेस लावा, फरक पहिल्या लॅपला कळेल. अर्काइव्हचा असा वापर कोणी करत असेल की नाही माहीत नाही पण करायला हवा, एकाच रायडरच्या खालची गाडी पाच वर्षांत कशी बदलली ते ऐकायला.

१९९८ पटकन. मॅक्स बियाजी ५०० मध्ये येतो आणि पहिलीच रेस सुझुकाला जिंकतो, चॅम्पियनशिप खरीखुरी चुरशीची होते, बार्सिलोनाला बियाजी स्टॉप-गो पेनल्टी, म्हणजे पिटमध्ये येऊन थांबायची शिक्षा, न घेता चालवत राहतो आणि डिस्क्वालिफाय होतो, आणि डूहान फिलिप आयलंडला घरच्या लोकांसमोर जिंकून पाचवं टायटल घेतो. ज्या ट्रॅकवर आदल्या वर्षी पुढे असताना पडला होता तोच ट्रॅक. आज तिथल्या पहिल्या कॉर्नरला त्याचंच नाव आहे.

१९९९ मध्ये तो फारसा सापडणार नाही. पहिल्या दोन रेस सुझुकीवर केनी रॉबर्ट्स ज्युनिअर जिंकला, तिसरी हेरेथ, तिथे क्वालिफायिंगमध्ये ओलसर ट्रॅकवर डूहान पडला, पाय, मनगट, कॉलरबोन, आणि परत कधी ग्रां प्री चालवली नाही. वर्षाच्या शेवटी रिटायरमेंट. हेरेथची रेस लावली की ग्रिडवर तो नाही, कॉमेंटरीत नाव येतं आणि लाइट्स जातात. टायटल त्या वर्षी क्रिव्हिएला मिळालं, ५०० चा पहिला स्पॅनिश चॅम्पियन, आणि १९९६ बघून आलेल्या माणसाला ते बरं वाटतं.

आता घ्यायचं की नाही. तुम्हाला फक्त रविवारची रेस बघायची असेल तर तुमचा निर्णय लाइव्हवर घ्या, अर्काइव्हसाठी घेऊ नका. दर लॅपला ओव्हरटेक हवं असेल तरी नको, मोटो३ हा छोट्या गाड्यांचा क्लास बघा, छान असतं. पण एखाद्या रेसरचं आयुष्य समजून घ्यायची ओढ असेल, गाडी कशी चालते याची आवड असेल, आणि महिनाभर संध्याकाळी एक तास देता येत असेल तर डोळे झाकून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला कारण एवढा खजिना ठेवलाय पण नवीन माणसाने कुठून सुरू करावं, कुठला सीझन का बघावा, हे त्याला हाताला धरून सांगणारं काहीतरी असायला हवं. आजच्या पोरांना मार्केझचं कमबॅक माहीत आहे, २०२० मध्ये हेरेथला हात मोडला, चार ऑपरेशनं, २०२४ मध्ये होंडा सोडून ग्रेसिनी टीमची डुकाटी, आणि २०२५ मध्ये जपानच्या मोतेगीला परत वर्ल्ड चॅम्पियन. त्यांना कोणीतरी सांगायला हवं की याच अर्काइव्हमध्ये याच्या आधीचा एक माणूस आहे, तोही होंडावालाच, तोही पडला, तोही आला, आणि आल्यावर पाच टायटल घेतली.

घेतलंत तर क्रम असा ठेवा: १९९२ पूर्ण, १९९३ ची मुजेलो, १९९४ हेरेथ ते ले मॉं, १९९६ ची हेरेथ आणि ब्रनो, १९९७ पूर्ण, १९९८ ची पहिली आणि फिलिप आयलंड. आणि हे झाल्यावर सबस्क्रिप्शन शिल्लक असेल तर लगेच २००० लावा, कारण डूहानचा क्रू चीफ, म्हणजे मेकॅनिक लोकांचा प्रमुख, जेरेमी बर्जेस आणि त्याची पोरं त्या वर्षी एका नव्या मुलाकडे गेली, २५० मधून आलेला, पहिल्या काही रेसमध्ये बऱ्यापैकी पडतो, आणि मग डॉनिंग्टनला ओल्या ट्रॅकवर पहिली ५०० जिंकतो. व्हॅलेंटिनो रॉसी.